कळफलक, स्पर्शपटलावरील

स्पर्शसंवेदी पटल असलेल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर कळांचे चित्र दाखवून त्या चित्रातील कळांना बोट लावून अक्षरे लिहिण्याची जी सोय केलेली असते, तिला स्पर्शपटलावरील कळफलक किंवा आभासी कळफलक म्हणतात. यात हलणारा भाग एकही नसतो. कळ ही येथे वस्तू नसून पटलाचा एक प्रदेश असते, आणि त्या प्रदेशाचा अर्थ आज्ञावली ठरविते. या एका फरकामुळे काही गैरसोयी उद्‌भवतात, तर काही अशा शक्यता निर्माण होतात की, ज्या टंकलेखन यंत्राच्या काळात कल्पनेतही नव्हत्या. टंकलेखन यंत्र वा संगणकाचा कळफलक कधीही न हाताळलेल्या असंख्य मराठी भाषकांचे पहिले टंकलेखन याच कळफलकावर झाले आहे. त्यामुळे त्याच्या सुधारणेचा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नसून, कोणती भाषा व कोणते शब्द सहजपणे लिहिले जातील, याच्याशी तो जोडला गेला आहे. [⟶ टंकलेखन यंत्र, संगणक].

स्पर्शाची नोंद : बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पटलाची कल्पना ब्रिटनमधील मॉल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेतील ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत सॅम्युएल हर्स्ट यांनी विद्युत् रोधावर आधारलेली पटले विकसित केली. त्यांत दाबामुळे दोन वाहक थर एकमेकांना टेकतात व टेकण्याचे स्थान कळते. अशा पटलावर लेखणीसारखी काडी वापरणे सोयीचे असे. आजच्या बहुतेक भ्रमणध्वनींमध्ये विद्युत् धारणेवर (विद्युत् भार साठविण्याच्या क्षमतेवर) आधारलेली पद्धत वापरतात. काचेखाली बारीक वाहक पट्ट्यांची जाळी असते. बोट जवळ आले की जाळीतील त्या ठिकाणची धारणा बदलते आणि बदलांच्या आकड्यांवरून स्पर्शाचा मध्य गणिताने काढला जातो. येथे दाब द्यावा लागत नाही, एकाच वेळी अनेक बोटांची नोंद होऊ शकते आणि काडीची गरज उरत नाही.

मात्र बोट हे टोकदार साधन नव्हे. ते काचेवर लंबगोलाकार ठसा उमटविते आणि आज्ञावलीला मात्र एकच बिंदू हवा असतो. वापरणारा ज्या बिंदूवर नेम धरतो तो आणि यंत्राने काढलेला मध्य हे दोन्ही एक नसतात. क्रिस्तीआन होल्त्स व पाट्रिक बाउडिश यांनी २०११ मध्ये दाखविले की, माणूस बोटाची वरून दिसणारी बाजू, म्हणजे नखाची व कडांची ठेवण, पाहून नेम धरतो; यंत्राला मात्र बोटाची खालची बाजू जाणवते. त्यामुळे पडणारे अंतर यदृच्छेने पडत नाही. ते बोटाच्या कलानुसार आणि व्यक्तीनुसार ठराविक दिशेने पडते. जी चूक नेहमी एकाच बाजूला होते ती मोजून वजा करता येते, आणि चांगल्या कळफलकात तसे केलेले असते. नील्स हेंट्से व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक टंकलेखनाचा खेळ प्रसिद्ध करून सत्तर हजारांहून अधिक भ्रमणध्वनींवरून सुमारे ४ कोटी ७७ लाख स्पर्श गोळा केले (२०१२). त्यांवरून तयार केलेली दुरुस्ती लावली असता चुकांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी घटले. स्पर्शाच्या जागी नुसता एक ठिपका दाखविला असता चुका त्याहूनही अधिक, म्हणजे १८ टक्क्यांनी घटल्या. पण लिहिण्याचा वेग ५ टक्क्यांनी मंदावला. ठिपका पाहून लोक सावध होतात आणि सावध माणूस सावकाश लिहितो.

काच व कळ : खऱ्या कळेला कडा असतात. तिच्यावर बोटे न दाबता टेकवून ठेवता येतात आणि दाबल्यावर ती खाली जाऊन परत वर येते. या तीन गोष्टींमुळे सरावलेला टंकलेखक कळांकडे न पाहता लिहितो. सपाट काचेवर यांपैकी एकही गोष्ट नसते. बोट टेकवले की अक्षर उमटते. म्हणून मोठ्या पटलावर दहा बोटांनी लिहिणाऱ्याला हात सतत अधांतरी धरावे लागतात आणि ते नकळत मूळ जागेवरून सरकतात. लीह फिंडलेटर व जेकब वॉब्रॉक यांच्या २०११ मधील प्रयोगात निष्णात टंकलेखकांचा सपाट पृष्ठभागावरील वेग खऱ्या कळफलकावरील वेगापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरला. त्याच प्रयोगात असेही दिसले की, प्रत्येक व्यक्तीच्या बोटांचे ठसे काही ठराविक जागी गोळा होतात आणि त्या जागा चित्रातील सरळ रेषांशी जुळत नाहीत. टॅब्लेट संगणक दोन्ही हातांनी धरून अंगठ्यांनी लिहिणाऱ्यांसाठी कळफलक दुभागून त्याचे अर्ध डाव्या व उजव्या कडेला नेण्याची सोय ॲपलच्या आयपॅडवर २०११ मध्ये व मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ८ मध्ये २०१२ साली देण्यात आली.

कळेचा आकार हा दुसरा अडसर. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके दूर व जितके अरुंद, तितका त्यावर हात नेण्यास अधिक वेळ लागतो. ही वाढ अंतर व रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात असते. बोटाच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. कितीही सावकाश लिहिले तरी बोटाच्या जाडीमुळे येणारी अनिश्चितता काही प्रमाणात उरतेच. ती वेग कमी करून टळत नाही. अंगठ्याने एका हाताने केलेल्या स्पर्शाविषयी पेक्का पार्ही, एमी कार्लसन व बेंजामिन बेडरसन यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात एकेका लक्ष्यासाठी ९.२ मिमी. आणि ओळीने अनेक स्पर्श करावयाचे असल्यास ९.६ मिमी. रुंदी पुरेशी ठरली. भ्रमणध्वनी उभा धरला असता त्याचे पटल जेमतेम ६५ ते ७० मिमी. रुंद असते. रोमन कळफलकाच्या वरच्या ओळीत दहा कळा बसवायच्या, म्हणजे एकेका कळेच्या वाट्याला ७ मिमी.हून कमी जागा येते. जागा वाढविता येत नाही व बोट बारीक करता येत नाही. तेव्हा कळा नीट दिसतील व नीट लागतील एवढ्या मोठ्या करणे, हा सुधारणेचा सर्वांत उघड मार्ग मुळातच बंद आहे. पुढील सर्व उपाय या कोंडीतून निघालेले आहेत.

कळांची मांडणी : रोमन लिपीची प्रचलित मांडणी अमेरिकेतील क्रिस्टोफर लेथम शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रातून (पेटंट १८६८) आली व रेमिंग्टन कंपनीने १८७० नंतरच्या दशकात तिचा प्रसार केला. ती कोणत्या कारणाने ठरली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एका बोटाने वा काडीने लिहिण्यासाठी ती योजलेली नव्हती, एवढे मात्र निश्चित. पटलावरील चित्र बदलण्यास काहीच खर्च नसल्यामुळे नवी मांडणी शोधण्याचे प्रयत्न साहजिकच झाले. एडा या संगणकीय भाषेचे शिल्पकार झां इशबिया यांनी फिटाली नावाची मांडणी तयार केली. तिच्या एका ओळीतील अक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. आयबीएमच्या प्रयोगशाळेतील शूमिन झाय व सहकाऱ्यांनी २००० मध्ये भौतिकीतील एक पद्धत वापरली. कळा हे जणू अणू आहेत व भाषेत वारंवार लागोपाठ येणाऱ्या अक्षरांमधील बंध अधिक बळकट आहेत असे मानून, सर्वांत कमी ऊर्जेची रचना त्यांनी संगणकाकडून काढून घेतली. २०१३ मध्ये टॅब्लेटवर दोन अंगठ्यांनी लिहिण्यासाठी काल्क ही मांडणी अशाच गणिताने सिद्ध झाली.

या मांडण्या कागदावर सरस होत्या आणि पुरेशा सरावानंतर प्रत्यक्षातही सरस ठरल्या. स्कॉट मॅकेन्झी व शॉन झांग यांनी १९९९ मध्ये ऑप्टी या मांडणीची प्रदीर्घ चाचणी घेतली. काडीने लिहिणाऱ्यांचा वेग आरंभी मिनिटाला १७ शब्द होता, तर जुन्या मांडणीवर तो २८ होता. दहाव्या बैठकीच्या सुमारास नव्या मांडणीने जुनीला गाठले आणि विसाव्या बैठकीअखेर वेग अनुक्रमे सुमारे ४५ व ४० शब्द झाला. तरीही यांपैकी एकही मांडणी रूढ झाली नाही. पहिल्या दिवशी निम्म्या वेगाने लिहिण्यास फारसे कोणी तयार नसते, आणि भ्रमणध्वनी हे निवांतपणे सराव करण्याचे साधनही नव्हे. दहा बैठकांनंतर मिळणाऱ्या लाभासाठी आजचा निरोप कोणी खोळंबून ठेवीत नाही. शिवाय जुनी मांडणी वाटते तितकी वाईट नाही. लागोपाठ येणारी अक्षरे तिच्यात बऱ्याचदा दूरदूर असल्यामुळे दोन अंगठ्यांना आळीपाळीने काम मिळते.

भाषेच्या आधारे दुरुस्ती : कोंडी फोडणारा विचार वेगळ्या दिशेने आला. स्पर्श अचूक करण्याचा आग्रह सोडून द्यावा व चुकीच्या स्पर्शाचा अर्थ लावावा, असा तो होता. कोणत्याही भाषेत अक्षरे यदृच्छेने एकामागून एक येत नाहीत. म्हणून एखादा स्पर्श दोन कळांच्या सीमेवर पडला असता, आधीची अक्षरे पाहून त्यांपैकी कोणते अक्षर अधिक संभाव्य आहे ते ठरविता येते. जोशुआ गुडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये २००२ साली ही रीत काडीने चालणाऱ्या कळफलकासाठी वापरून चुका लक्षणीय प्रमाणात कमी झाल्याचे दाखविले.

भारतीय भाषांसाठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत र व क या कळा शेजारी शेजारी आहेत. समजा, लिहिणाऱ्याने घ लिहून पुढचा स्पर्श या दोहोंच्या बरोबर मधे केला. घर, घरी, घराणे, घरटे असे कितीतरी शब्द मराठीत आहेत. ‘घक’ने सुरू होणारा शब्द सहसा आढळत नाही. तेव्हा यंत्र र धरते. तोच स्पर्श, त्याच जागी, ए या अक्षरानंतर झाला, तर ‘एक’ हा शब्द अतिपरिचित असल्यामुळे यंत्र क धरते. पटलावर दिसणारी कळांची सीमा जागची हलत नाही. पण अदृश्य सीमा प्रत्येक अक्षरागणिक सरकत राहते. गणिताच्या भाषेत, स्पर्शाची जागा पाहून एखाद्या कळेची संभाव्यता आणि आधीच्या मजकुरावरून त्या अक्षराची संभाव्यता यांचा गुणाकार केला जातो व ज्याचा गुणाकार सर्वाधिक ते अक्षर निवडले जाते. ॲपलच्या आयफोनने (२००७) बोटाने चालणारा असा कळफलक सर्वदूर नेला. त्याच्या सिद्धतेच्या काळात, २००५ मध्ये, कंपनीतील अभियंत्यांना इतर कामे बाजूला ठेवून केवळ कळफलकाचे नमुने करण्यास सांगण्यात आले होते. त्यांतून केन कोसिएंडा यांचा नमुना पुढे आला. बोटाखाली झाकलेले अक्षर बोटाच्या वर मोठे करून दाखविणे व बोट उचलल्यावरच ते पक्के करणे, या त्या कळफलकातील साध्या युक्त्याही तितक्याच उपयोगी ठरल्या. पूर्ण शब्द झाल्यावर तो दुरुस्त करणे आणि पुढचे शब्द आधीच सुचविणे या सोयी याच तत्त्वाचा विस्तार आहेत. २०१५ नंतर त्यांसाठी कृत्रिम तंत्रिका जालांचा वापर वाढला.

या पद्धतीत एक धोका अंगभूत आहे. भाषेवर यंत्राचा विश्वास जितका अधिक, तितके अनोळखी शब्द लिहिणे कठीण. कळेच्या मधोमध बोट ठेवूनही वेगळेच अक्षर उमटू लागले, तर आडनावे, गावांची नावे, बोलीतील रूपे लिहिताच येणार नाहीत. यावर असेला गुणवर्धन, टिम पेक व क्रिस्टोफर मीक यांनी २०१० मध्ये सुचविलेला उपाय साधा व न्याय्य आहे : प्रत्येक कळेच्या मध्यावरील काही भाग तिचा अढळ हक्काचा मानावा, सीमा कितीही सरकली तरी तिने त्या भागात शिरू नये. शब्दाच्या पातळीवरील दुरुस्तीला मात्र असा सोपा बांध नाही. तेथे एवढेच करता येते की, यंत्राने बदललेला शब्द एका स्पर्शाने मूळ रूपात आणता यावा आणि एकदा नाकारलेली दुरुस्ती त्याने पुन्हा लादू नये. कित्येक कळफलकांत एवढेही नीट जमलेले नाही.

या सोयींचा वेगावर होणारा परिणाम अपेक्षेप्रमाणे सरळ नाही. सुमारे ३७,००० स्वयंसेवकांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भ्रमणध्वनीवरील सरासरी वेग मिनिटाला सुमारे ३६ शब्द आढळला. खऱ्या कळफलकावरील तशाच मोठ्या पाहणीत (२०१८) तो सुमारे ५२ होता. आपोआप होणाऱ्या दुरुस्तीचा वापर करणारे जलद लिहितात, पण सुचविलेल्या शब्दांतून निवड करणारे संथ लिहितात, असे त्यात दिसले. सुचविलेले शब्द वाचणे, तोलणे व त्यांवर बोट नेणे यांत वाचविलेल्या स्पर्शांहून अधिक वेळ जातो. तरीही लोकांना ही सोय आवडते. कारण शुद्धलेखनाची धास्ती असलेल्याला समोर दिसणारा तयार शब्द मोठा आधार वाटतो.

रेषेने लेखन : बोट न उचलता शब्दातील अक्षरांवरून सलग रेषा ओढावी व त्या रेषेच्या आकारावरून यंत्राने शब्द ओळखावा, ही पद्धत शूमिन झाय व पेर ओला क्रिस्टेन्सन यांनी २००३–०४ मध्ये मांडली. टी-नाइन या जुन्या भ्रमणध्वनींवरील शब्दसूचक पद्धतीच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या क्लिफ कुश्लर यांनी रँडी मार्सडेन यांच्याबरोबर स्वाइप हा अशाच स्वरूपाचा कळफलक केला व २००९ पासून तो भ्रमणध्वनींवर मिळू लागला. सतत वापरलेल्या शब्दाचा आकार हाताला पाठ होतो आणि तो शब्द सहीसारखा एका झटक्यात लिहिला जातो. मात्र शब्द यंत्राच्या कोशात नसेल तर ही पद्धत पूर्णपणे लंगडी पडते.

अंधांसाठी सोय : काचेवर कडा नसल्यामुळे अंध व्यक्तींना हा कळफलक सर्वथा निरुपयोगी ठरेल, अशी आरंभी भीती होती. २००९ मध्ये आयफोनवर आलेल्या पठण-आज्ञावलीत बोट पटलावर फिरविताना खालील अक्षर उच्चारले जाते व हवे ते अक्षर ऐकू आल्यावर ते पक्के करता येते. ही रीत विश्वसनीय पण संथ आहे. ब्रेल लिपीतील सहा ठिपक्यांच्या जागी सहा बोटे एकदम टेकवून लिहिण्याची पद्धत त्याहून बरीच जलद असून आयफोनवर ती २०१४ पासून उपलब्ध आहे. अनेक बोटांची एकाच वेळी नोंद घेण्याची पटलाची क्षमता येथे खऱ्या अर्थाने कामास आली. डोळस व्यक्तींसाठीही स्पर्शाबरोबर सूक्ष्म कंप वा ध्वनी दिल्यास चुका कमी होतात.

देवनागरी लेखन : वरील बहुतेक संशोधन इंग्रजीसाठी, म्हणजे सव्वीस अक्षरांच्या लिपीसाठी झाले. मराठीसाठी स्वर, व्यंजने, स्वरचिन्हे, अनुस्वार, हलन्त व चिन्हे मिळून साठांहून अधिक संकेत लागतात. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताकडे स्वर व उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजने आहेत. क-ख, ग-घ, त-थ अशा अल्पप्राण-महाप्राण जोड्या एकाच कळेवर वर-खाली आहेत. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या मानकातही तिचा समावेश झाला. दहा बोटांनी लिहिणाऱ्यासाठी ही मांडणी शास्त्रशुद्ध असून सर्व भारतीय लिप्यांना समान आहे, हा तिचा मोठा गुण. भ्रमणध्वनीवर मात्र तिची एकेक ओळ अकरा-बारा कळांची होते आणि आधीच अरुंद असलेली कळ आणखी अरुंद होते. महाप्राण व्यंजनांसाठी दर वेळी दुसरा थर उघडावा लागतो. नवशिक्या माणसाला, ख कोठे दडला आहे हेच दिसत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला व २०१३ च्या सुमारास विनामूल्य उपलब्ध झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक या अडचणीला लिपीच्या आतून उत्तर देतो. त्यातील व्यंजने शाळेत शिकविल्या जाणाऱ्या वर्णमालेच्या क्रमाने, वर्गवार मांडलेली आहेत. व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्याभोवती चक्राकार बाराखडी उमटते. क भोवती का, कि, की, कु अशी अक्षरे दिसतात व बोट त्या दिशेला सरकविले की अक्षर पूर्ण होते. अशा प्रकारे स्वरचिन्हांसाठी वेगळ्या कळांची गरज उरत नाही आणि अक्षर लिहिण्याआधीच पूर्ण स्वरूपात दिसते. पाटीवर बाराखडी गिरविलेल्या माणसाला नवे काही शिकावे लागत नाही. परकीय मांडणी जशीच्या तशी आणण्याऐवजी लिपीची स्वतःची व्यवस्थाच कळफलकाचा पाया करता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्यवहारात मात्र अनेकजण रोमन कळांवर मराठी उच्चार लिहून त्यांचे देवनागरीत रूपांतर करून घेतात. इंग्रजी मांडणीची सवय असलेल्यास ही सोय तात्काळ वापरता येते. पण तीत न व ण, ल व ळ, श व ष, त व ट, ऱ्हस्व व दीर्घ हे भेद रोमन अक्षरांत उतरत नाहीत व त्यांचा निवाडा यंत्रावर पडतो. ‘वेल’ व ‘वेळ’ किंवा ‘मन’ व ‘मण’ यांतील एक यंत्र आपल्या अंदाजाने निवडते. लिहिणाऱ्याने लक्ष दिले नाही, तर यंत्राची निवड हेच त्याचे लेखन होऊन बसते.

मराठीच्या संदर्भात भाषिक दुरुस्तीची रीतही अधिक जटिल होते. इंग्रजीत एका नामाची रूपे मोजकी असतात. मराठीत ‘घर’ या एका नामापासून घरी, घरात, घराला, घरातून, घरापासून, घरांमध्ये, घरातल्यांनासुद्धा अशी रूपांची माळ तयार होते, कारण विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये सामान्यरूपाला जोडून लिहिली जातात. सर्व रूपे कोशात साठविण्याचा मार्ग पुरा पडत नाही. मूळ शब्द, सामान्यरूप व प्रत्यय यांचे व्याकरण यंत्राला शिकवावे लागते किंवा त्यासाठी मराठी मजकुराचा फार मोठा साठा लागतो. असा साठा इंग्रजीच्या मानाने तुटपुंजा आहे. ज्या भाषेचा मजकूर संगणकावर कमी, तिच्यातील दुरुस्ती कच्ची; दुरुस्ती कच्ची म्हणून लिहिणे कष्टाचे; आणि लिहिणे कष्टाचे म्हणून मजकूर कमी, असे हे दुष्टचक्र आहे. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांसारख्या बोली लिहिणाऱ्यांना त्याचा फटका अधिक बसतो, कारण यंत्र त्यांचे बरोबर शब्द चुकीचे मानून त्यांना प्रमाण मराठीकडे ओढते.

काही अडचणी दिसण्यास क्षुल्लक, पण परिणामाने मोठ्या आहेत. ‘दर्या’ (समुद्र) व ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन), ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या जोड्यांत केवळ अर्ध्या र च्या रूपाने अर्थ बदलतो. दुसऱ्या शब्दातील र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी लिहिता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पटलावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन निरनिराळे शब्द ठरतात. परिणामी शोध घेताना एक सापडतो, दुसरा सापडत नाही व शब्दांची वारंवारता मोजतानाही ते विभागले जातात. ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला. तोपर्यंत, आणि कळफलकांत ते नव्हते तेथे त्यानंतरही, हिंदीतील ‘ऍ’ वापरले गेले. कळफलक कोणते अक्षर सहज हाताशी देतो, यावर लेखनाची रूढी कशी ठरते हे यावरून दिसते. खोडण्याच्या कळेचेही असेच आहे. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर असले तरी त्यात क, हलन्त, ष व ऱ्हस्व इकार असे चार संकेत आहेत. एका स्पर्शाने त्यातील शेवटचा संकेतच खोडावा की संपूर्ण अक्षर, याविषयी एकवाक्यता नाही. चुकलेली वेलांटी सुधारावयाची असते तेव्हा पहिली रीत बरी वाटते, तर संपूर्ण अक्षर चुकले असता दुसरी. [⟶ देवनागरी लिपि].

गोपनीयता : वापरणाऱ्याची भाषा शिकणारा कळफलक त्याने लिहिलेले सर्व काही पाहत असतो. खाजगी पत्रे, रकमा, औषधांची नावे या सर्वांचा त्यात समावेश होतो. हा मजकूर कंपनीच्या दूरस्थ संगणकाकडे गेल्यास काय होऊ शकते, याचा अनुभव २०१६ मध्ये आला. एका लोकप्रिय कळफलकाने काही लोकांना अनोळखी व्यक्तींचे ई-मेल पत्ते सुचविले व कंपनीला शब्दसंग्रहाची देवाणघेवाण करणारी सेवा स्थगित करावी लागली. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत मजकूर भ्रमणध्वनीवरच राहतो. त्यावरून शिकलेल्या गणितातील बदल तेवढे पाठविले जातात व हजारो वापरकर्त्यांच्या बदलांची सरासरी काढून सर्वांचा कळफलक सुधारला जातो. या पद्धतीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून शब्द शिकण्याची सोय बंद करणे व शिकलेले शब्द पुसून टाकणे वापरणाऱ्याच्या हाती असणे आवश्यक मानले जाते.

सुधारणेचे मापन : कळफलक सुधारला असे म्हणण्यासाठी वेग व चुका या दोन्ही मोजाव्या लागतात, एकाच्या मोबदल्यात दुसरे सहज सुधारता येते. प्रचलित मापनात रिकाम्या जागेसह पाच वर्ण म्हणजे एक शब्द असे धरून मिनिटाचे शब्द काढतात, तसेच अंतिम मजकुरात राहिलेल्या चुका व लिहिता लिहिता खोडून दुरुस्त केलेल्या चुका वेगवेगळ्या मोजतात. हे एकक इंग्रजीतून आलेले असून देवनागरीला लावताना वर्ण कशाला म्हणावे हाच प्रश्न उभा राहतो. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या दृष्टीने एकच अक्षर आहे, युनिकोडच्या हिशेबाने त्यात सहा संकेत आहेत आणि प्रत्यक्ष स्पर्श किती झाले, हे कळफलकाच्या रचनेवर अवलंबून राहते. त्यामुळे दोन मराठी कळफलकांच्या वेगाचे आकडे ताडून पाहताना ते अक्षरांवर, संकेतांवर की स्पर्शांवर आधारलेले आहेत, हे आधी पाहावे लागते.